रुपयाच्या मोलाचा शोध घेणारा विद्यार्थी

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव उच्चारताच चवदार तळ्याचा सत्याग्रह, भारताची राज्यघटना आणि नागपूरचा धम्मदीक्षा सोहळा यांचे स्मरण होते. त्यांच्या विद्वत्तेचा पाया ज्या शास्त्रात घातला गेला, त्या अर्थशास्त्राकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. भारतीय रुपया आणि ब्रिटिश पौंड यांच्यातील हुंडणावळीचे कोडे उकलण्यासाठी बाबासाहेबांनी तारुण्यातील मोलाची वर्षे वेचली. कोरड्या दिसणाऱ्या त्या आकड्यांमागे त्यांना कष्टकऱ्याची भाकरी दिसली, म्हणून ही कथा आपल्या वसतिगृहातील प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असावी.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला, तेव्हा रुपयाची घसरण चालूच होती. त्या काळी १२ पेन्सचा एक शिलिंग आणि २० शिलिंगांचा एक पौंड असे. रुपया चांदीचा, तर पौंड सोन्याचा. १८७० च्या सुमारास एका रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग मिळत. पुढे जर्मनी आदी देशांनी सोन्याचे चलन स्वीकारले, चांदी स्वस्त झाली आणि १८९२-९३ मध्ये रुपया १५ पेन्सपर्यंत उतरला. इंग्लंडमधील कर्जाचे व्याज व अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतने भारत सरकारला पौंडात चुकवावी लागत. कर मात्र रुपयांत जमा होई. रुपया उतरला की तेवढ्याच पौंडांसाठी अधिक रुपये लागत. अखेर १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. रुपया दुर्मीळ होऊन त्याचा भाव चढला आणि १६ पेन्सवर, म्हणजे पौंडाला १५ रुपये या दरावर स्थिरावला.

याच दराच्या काळात, १९१३ मध्ये, बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन सुभेदार रामजींचा हा पुत्र न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. ती रक्कम सुमारे १७२ रुपयांची होती. १९१५ मध्ये एम.ए. होऊन ते १९१६ मध्ये लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठवला. त्यात छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि स्नेही नवल भथेना यांच्याकडील कर्ज यांची भर घालून १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला पोहोचले.

तो काळ रुपयाच्या मोठ्या उलथापालथीचा होता. महायुद्धात चांदी महागल्याने १९२० च्या प्रारंभी रुपया अडीच शिलिंगांच्याही पुढे गेला. सरकारने त्याचा दर दोन शिलिंग सोने असा कायद्याने ठरवला. परंतु बाजाराने तो मानला नाही. १९२१ मध्ये रुपया १६ पेन्सच्याही खाली आला. दोन शिलिंगांच्या दराने शंभर रुपयांचे दहा पौंड होतात. १६ पेन्सच्या दराने पावणेसातही होत नाहीत. ज्याची पुंजी रुपयांत आणि खर्च पौंडांत, अशा विद्यार्थ्याला या फरकाचा अर्थ ग्रंथातून शिकावा लागत नाही.

प्रा. एडविन कॅनन यांच्या मार्गदर्शनाखाली बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. जॉन मेनार्ड केन्स यांच्यासारखा अर्थशास्त्रज्ञ ज्या सुवर्ण विनिमय पद्धतीचा पुरस्कार करीत होता, तिच्यावरच या तरुण संशोधकाने आक्षेप घेतला. त्या पद्धतीत रुपये किती काढावेत यावर पक्के बंधन नसते. सरकारने मनास येईल तितके चलन काढले की महागाई वाढते, असे त्यांचे प्रतिपादन होते. परदेशी हुंडणावळ स्थिर राहण्यापेक्षा देशात रुपयाची खरेदीशक्ती स्थिर राहणे त्यांना महत्त्वाचे वाटे. रुपया स्वस्त झाला की निर्यात करणाऱ्यास लाभ होतो. परंतु वस्तूंचे भाव चढतात आणि मजुरी तितक्या वेगाने चढत नाही. म्हणजे व्यापाऱ्याचा तो लाभ मजुराच्या ताटातूनच जातो, हे त्यांनी दाखवून दिले. परीक्षकांनी सुधारणा सुचवल्या. तोपर्यंत पैसा संपला होता. म्हणून मुंबईस परतून त्यांनी प्रबंध पुन्हा सिद्ध केला. १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. ही पदवी दिली आणि ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. काही मते मान्य नसतानाही कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली.

१९२५ मध्ये चलनविषयक शाही आयोग, म्हणजेच हिल्टन यंग आयोग, भारतात आला. त्याच्यापुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी रुपयाचा दर १८ पेन्सच्या खाली नेण्यास विरोध केला. पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांच्यासारखे उद्योग-व्यापाराचे प्रतिनिधी १६ पेन्सचा आग्रह धरीत होते. परळच्या चाळीत गिरणी कामगारांच्या शेजारी राहणाऱ्या बाबासाहेबांनी मात्र रोजंदारीवर जगणाऱ्याचे हित पुढे ठेवले. १९२७ च्या कायद्याने १८ पेन्सचा दर कायम झाला. चलनाच्या संख्येवर कडक मर्यादा घालण्याची त्यांची मूळ योजना मात्र स्वीकारली गेली नाही. याच आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली होती आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. त्या बँकेचे सारे श्रेय एकट्या बाबासाहेबांना देण्याची गरज नाही. राज्यकर्त्यांच्या आयोगापुढे कष्टकऱ्याची बाजू शास्त्राच्या आधारे मांडणे, हे श्रेयच पुरेसे मोठे आहे.

हा ग्रंथ त्यांनी आपल्या माता-पित्यांच्या स्मृतीस अर्पण केला. आपल्या शिक्षणासाठी त्यांनी सोसलेल्या कष्टांची कृतज्ञ नोंद तेथे आहे. आपल्या विद्यार्थ्यांचे आई-वडीलही शेतात, वीटभट्टीवर, बांधकामावर राबून त्यांना शिकवीत आहेत. गणित आणि अर्थशास्त्र हे आपले विषय नव्हेत, असे त्यांच्यापैकी कोणीही मानू नये. भाव कोण ठरवतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे ज्याला समजते, त्यालाच आपल्या माणसांची बाजू पुराव्यानिशी मांडता येते. बाबासाहेबांना अभिवादन करताना त्यांच्या अभ्यासाचा हा वारसाही आपण पुढे न्यावा.