सेवकाच्या पाठीशीं

कै. गोपाळ कृष्ण गोखले १८६६ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक गांवीं जन्मले. वडील लवकर वारले. तेव्हां थोरल्या बंधूंनीं आपल्या पंधरा रुपये पगारांतून दरमहा आठ रुपये पाठवून त्यांस शिकविलें. पुढें १९०२ पर्यंत त्यांनीं पुण्यांत अल्प वेतनावर अध्यापन केलें.

१२ जून १९०५ रोजीं त्यांनीं भारत सेवक समाज स्थापिला. स्वतःकरितां द्रव्य मिळवावयाचें नाहीं, अशी सभासदांची शपथ असे. परंतु त्यांच्या व त्यांच्या कुटुंबाच्या साध्या निर्वाहाचा भार समाज उचली, आणि आरंभीं पांच वर्षें त्यांस तयार करी. अशाच एका सभासदानें, नारायण मल्हार जोशी यांनीं, १९११ सालीं मुंबईंत सोशल सर्व्हिस लीग काढून मजुरांसाठीं रात्रीच्या शाळा व वाचनालयें चालविलीं. गोखले १९१५ सालीं वारले. काम चालू राहिलें.

येवल्यास विणकर मागावर बसतो, तेव्हां दुसरें कोणी कांड्या भरून देतें; नाहीं तर माग थांबतो. वाचकहो, आपल्या गांवांत कोणी विनामूल्य शिकवीत किंवा रोग्यांची शुश्रूषा करीत असेल, तर त्याची स्तुति करून थांबूं नये. त्याच्या घरीं दाणा आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें, असें आम्हांस वाटतें.