टायबेरियस ग्राकस

हॅनिबलला जिंकणारा सिपिओ हा टायबेरियस ग्राकसचा मातामह. रोमसाठी लढून शेतकरी घरी परतत, तो त्यांची शेते धनिकांच्या हाती गेलेली असत व तेथे गुलाम राबत. हे पाहून टायबेरियस व्यथित झाला. इ. स. पूर्व १३३ मध्ये तो ट्रिब्यून, म्हणजे सामान्य जनांचा कैवारी, होता. सरकारी जमीन कोणीही स्वतःसाठी ५०० युगेरांहून, म्हणजे सुमारे ३०० एकरांहून, अधिक बाळगू नये व उरलेली भूमिहीनांस वाटावी, असा कायदा त्याने करविला. आड आलेल्या ऑक्टेव्हियस या सहकाऱ्यास त्याने पदच्युत करविले. हे मात्र रीतीस सोडून झाले. पुन्हा निवडणुकीस उभा राहताच सेनेटच्या सभासदांनी मोडक्या बाकांचे पाय हाती घेऊन त्याला ठार केले व प्रेत टायबर नदीत टाकविले. भूमिवाटप तरीही चालू राहिले. दहा वर्षांनी त्याचा धाकटा भाऊ गायस ट्रिब्यून झाला.