मार्टिनस बायरिंक आणि मुळांच्या गांठींतील जिवाणू

आपल्या कोंकणांत भात कापल्यावर शेतांत उरलेल्या ओलीवर वाल पेरण्याची रीत फार जुनी आहे. ठाणें-बेलापूर रस्त्यावरील रबाळें आज कारखान्यांनीं वेढलें आहे. पण एके काळीं तेंही भातशेतीचेंच गांव होतें. वालाचें रोपटें मातीसकट उपटून पाहावें, म्हणजे त्याच्या मुळांवर बारीक गांठी दिसतात. पुष्कळांस तो रोग वाटतो. पण वाचकहो, तो रोग नव्हे. त्या गांठी म्हणजे रोपट्याचें स्वयंपाकघर होय. त्यांत डोळ्यांस न दिसणारे जिवाणू राहतात. ते हवेंतील नत्र वायूचें खत करून झाडास देतात, आणि त्याच्या बदल्यांत झाड त्यांस साखर पुरवितें. हे जिवाणू प्रथम वेगळे काढून दाखविणारे मार्टिनस बायरिंक ह्यांची ही हकीकत आहे.

बायरिंक ह्यांचा जन्म १६ मार्च १८५१ रोजीं हॉलंड देशांतील ॲम्स्टरडॅम शहरीं झाला. वडिलांचा तंबाखूचा व्यापार बुडाल्यामुळें घरांत गरिबी होती. तरी त्यांनीं डेल्फ्ट येथें रसायनशास्त्राचा अभ्यास केला, आणि १८७७ सालीं लायडन विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळविली. वागेनिंगेन येथील शेतकी शाळेंत कांहीं वर्षें शिकविल्यावर १८८५ सालीं ते डेल्फ्टच्या यीस्ट व मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांत जंतुशास्त्रज्ञ म्हणून गेले.

कडधान्यानें जमीन सुधारते हें शेतकऱ्यांस पूर्वापार ठाऊक होतें. कारण मात्र ठाऊक नव्हतें. १८८६ सालीं जर्मनीचे हेल्रीगेल ह्यांनीं विल्फार्ट ह्यांच्या साहाय्यानें केलेले प्रयोग लोकांपुढें मांडले. नत्र नसलेल्या, तापवून निर्जंतुक केलेल्या वाळूंत वाटाण्याचें रोप उपाशी राहतें. पण त्यांत शेतांतील मातीचें थोडें पाणी घातलें, तर मुळांवर गांठी येतात आणि रोप तरारतें, असें त्यांनीं दाखविलें. तेव्हां प्रश्न उरला तो असा, कीं हें काम करणारा जीव कोण? १८८८ सालीं बायरिंक ह्यांनीं गांठी स्वच्छ करून चिरडल्या, आणि वनस्पतीचा अर्क घातलेल्या जिलेटिनवर त्यांतील जिवाणू वाढवून इतरांपासून वेगळे केले. पुढें ह्या शुद्ध जिवाणूंनीं बाकल्याच्या रोपांवर गांठी आणून त्यांनीं खात्री करून घेतली. त्यांनीं ह्या जिवाणूस बॅसिलस रॅडिसिकोला असें नांव दिलें. परंतु १८८९ सालीं जर्मनीचे फ्रांक ह्यांनीं दिलेलें रायझोबियम हें नांवच रूढ झालें.

१८९५ सालीं बायरिंक डेल्फ्ट येथें प्राध्यापक झाले. तंबाखूच्या पानांवरील एक रोग जिवाणूंहूनही सूक्ष्म अशा संसर्गानें होतो, असें त्यांनीं १८९८ सालीं मांडलें. त्यासच आज विषाणू म्हणतात. स्वभावानें ते कडक असत; विद्यार्थी त्यांस भीत. लग्न त्यांनीं केलें नाहीं. १९२१ सालीं निवृत्त होऊन ते गॉर्सेल ह्या खेड्यांत बहिणींसह राहिले, आणि १ जानेवारी १९३१ रोजीं मरण पावले.

गांठींतील सर्व जिवाणू एकाच जातीचे असून त्यांचे पोटभेद मात्र निराळे आहेत, अशी बायरिंक ह्यांची समजूत होती. त्यांच्यामागें, कोणता जिवाणू कोणत्या पिकावर गांठी आणतो ह्यावरून शास्त्रज्ञ जाती ठरवूं लागले. पण एकच जिवाणू अनेक पिकांवर जातो असें दिसल्यामुळें ही वांटणी टिकली नाहीं. मग जनुकांची, म्हणजे पिढ्यान् पिढ्या चालत येणाऱ्या गुणांच्या लेखाचीच तुलना होऊं लागली. १९८२ सालीं सोयाबीनचे सावकाश वाढणारे जिवाणू ब्रॅडीरायझोबियम ह्या निराळ्या प्रजातींत घातले गेले. १९९७ सालीं हरभऱ्याचा जिवाणू मेझोरायझोबियम झाला. २००१ सालीं तर अगदीं परक्या घराण्यांतील जिवाणूही गांठी आणतात असें उघड झालें. कारण, गांठी आणण्याचीं जनुकें एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊं शकतात. सुताराचीं हत्यारें उसनीं घेऊन शेजारी तें काम शिकला, म्हणून तो सुताराच्या रक्ताचा नातलग होत नाहीं. तसेंच हें आहे. म्हणून आतां कुळ ठरवितांना इतर पुष्कळ जनुकें पाहतात, आणि गांठीचीं जनुकें वेगळीं मोजतात.

ह्या नांवांशीं शेतकऱ्याचा संबंध काय? रायझोबियमचीं पाकिटें विकत मिळतात. सोयाबीनचें पाकीट हरभऱ्याच्या बियाण्यास लाविलें तर पैसा फुकट जातो, आणि दोष मात्र जमिनीस दिला जातो. म्हणून पाकिटावरील पिकाचें नांव व मुदतीची तारीख पाहून घ्यावी. स्वतःस वाचतां येत नसेल, तर जाणत्याकडून वाचवून घ्यावी. साधारणपणें १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम संवर्धक गुळाच्या थंड पाण्यांत कालवून हलक्या हातानें चोळावें, बियाणें सावलींत सुकवावें, आणि लवकर पेरावें. महिन्या-दीड महिन्यानें एखादें रोप उपटून गांठ कापावी. आंत गुलाबी रंग दिसला, तर जिवाणू कामावर आहेत असें समजावें. जिवाणूंचीं नांवें पुढेंही बदलतील. पण जिवाणू वेगळा काढावा, झाडास लावावा, आणि गांठ येते कीं नाहीं तें पाहावें, ही बायरिंक ह्यांची कसोटी अजून तीच आहे.