बंगला गेला, गाड्या गेल्या, ठेका नाही गेला! भगवानदादांची गोष्ट

अलिबाग : आपल्या रायगड जिल्ह्यातली कित्येक माणसं एकेकाळी पोटासाठी मुंबईच्या गिरणीत गेली. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, रोहा, कुठलंही गाव घ्या, घरटी एक माणूस लालबाग-परळला असायचाच. पाळी सुटली की पुढच्या रांगेचं स्वस्तातलं तिकीट काढायचं आणि मारामारीचा सिनेमा बघायचा, हीच त्यांची करमणूक. त्या सिनेमातला त्यांचा लाडका माणूस म्हणजे मास्टर भगवान, आपले भगवानदादा.

भगवान आभाजी पालव यांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ रोजी अमरावतीचा. वडील गिरणी कामगार. भगवान यांनीही आधी मजुरी केली, पण डोक्यात सिनेमा बसलेला. अंगापिंडानं मजबूत, कुस्तीची आवड. मूकपटाच्या जमान्यात त्यांचा पडद्यावर शिरकाव झाला आणि १९३८ साली ‘बहादूर किसान’ या चित्रपटाच्या दिग्दर्शनात त्यांनी हात घातला. पुढे कमी पैशात मारधाडीचे चित्रपट काढायचा त्यांनी सपाटाच लावला. एक चित्रपट पासष्ट हजार रुपयांत पुरा करायचे म्हणतात. कपडे कसे शिवायचे इथपासून कलाकारांच्या जेवणापर्यंत सगळं स्वतः बघायचे. आपल्याकडं शेतकरी कसा नांगरणीपासून झोडणीपर्यंत सगळं घरच्या घरी उरकतो, तसाच हा कारभार.

१९४२ साली स्वतःची जागृती पिक्चर्स ही संस्था काढली. पाच वर्षांनी चेंबूरला स्टुडिओ उभा केला. १९४९ साली ‘भेदी बंगला’ हा रहस्यपट केला. टीव्हीवर ‘रात्रीस खेळ चाले’सारखी मालिका लागली की अख्खी वाडी दार लावून बसायची. लोकांना असं भिववायचं काम दादांनी कितीतरी आधी करून ठेवलं होतं.

याच काळातली एक वाईट घटनाही सांगायला हवी. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवान यांनी ललिता पवार यांना थप्पड मारायचा प्रसंग होता. हात जोरात बसला. ललिताबाईंच्या चेहऱ्यावरून वारं गेलं आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेची कामं सुटली. पण बाई हरल्या नाहीत. खाष्ट सासू म्हणून त्यांनी नाव काढलं आणि म्हातारपणी, १९८७ साली, दूरदर्शनच्या ‘रामायणा’त मंथरा म्हणून त्या घराघरात पोचल्या.

भगवानदादांचं खरं सोनं झालं १९५१ साली. राज कपूर यांनी मारामारी सोडून सामाजिक चित्रपट काढायचा सल्ला दिला आणि दादांनी ‘अलबेला’ काढला. निर्माते, दिग्दर्शक आणि नायक तेच. जोडीला गीता बाली आणि संगीत जिवलग मित्र सी. रामचंद्र यांचं. नाटकाचं वेड लागलेल्या गरीब घरातल्या पोराची ती गोष्ट. पडद्यावर एक गोलमटोल, साधा माणूस हात जरासे उचलून, कंबर हळूच हलवून नाचायचा. त्यात उड्या नाहीत की कसरत नाही. ते बघून गिरणी कामगाराला वाटलं, अरे, हे तर आपल्यालाही जमेल! लोक थेटरात नाचले, पडद्यावर नाणी उधळली.

मग पैसा आला. जुहूला समुद्रासमोर पंचवीस खोल्यांचा बंगला झाला. वाराला एक म्हणून सात गाड्या आल्या. पण १९५३चा ‘झमेला’ आणि १९६६चा ‘लाबेला’ यांना ‘अलबेला’ची सर आली नाही. किशोरकुमार यांना घेऊन काढलेला ‘हंसते रहना’ अर्धाच राहिला आणि पैसा बुडाला. बंगला गेला, गाड्या गेल्या, स्टुडिओ गेला. दादा दादरच्या चाळीत येऊन राहिले. बरकतीच्या दिवसांत भोवती असलेली बहुतेक माणसं पांगली. सी. रामचंद्र, ओमप्रकाश आणि गीतकार राजेंद्र कृष्ण एवढे मात्र चाळीचा जिना चढून यायचे.

आता पुढची गोष्ट महत्त्वाची. एवढा मोठा माणूस घरात तोंड लपवून बसला असता तर कोणी नाव ठेवलं नसतं. पण दादा कामाला जात राहिले. कधी छोटी भूमिका, कधी एखाद्या गाण्यात दोन-चार ठेके, बस्स. ज्यानं दुसऱ्यांना पगार दिले तोच उतारवयात दुसऱ्याच्या सेटवर मिळेल ते काम करायचा. खारेपाटातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. बांध फुटून खारं पाणी शिरलं की जमीन काही वर्षं हातची जाते. तरी माणूस दुसऱ्याच्या शेतावर लावणीला जातोच ना? त्यात कसली लाज?

आज आपल्या किनाऱ्यावर जमिनीला सोन्याचा भाव आहे. गुंठे विकून बंगले उठतायत, दारात गाड्या लागतायत. कोणाच्या सुखाला दृष्ट लावायची नाही. पण आलेला सगळा पैसा एकाच डावावर लावला की काय होतं, ते दादांच्या आयुष्यात दिसतं. आणि सगळं गेल्यावर माणसानं कसं राहावं, तेही तिथंच दिसतं.

त्यांचा ठेका मात्र कोणाला लिलावात काढता आला नाही. पुढच्या पिढीतल्या अमिताभ बच्चन यांच्यासारख्या नटाच्या नाचातही तो दिसतो असं जाणकार मानतात. आमच्या लहानपणी वाडीत एखाद्याच घरी टीव्ही असायचा. ‘छायागीत’मध्ये ‘अलबेला’चं गाणं लागलं की म्हातारी माणसंसुद्धा बसल्या जागी हात हलवायची.

४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरच्या घरीच हृदयविकाराच्या झटक्यानं दादा गेले. वय ८८. २०१६ साली त्यांच्या आयुष्यावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट आला, त्यात मंगेश देसाई यांनी त्यांचं काम केलं.

पण दादांचा खरा मान झाला तो रस्त्यावर. त्यांच्या म्हातारपणी दादरमधून गणपतीची मिरवणूक निघाली की त्या चाळीसमोर थांबायची. बेंजोवाले ‘अलबेला’ची चाल धरायचे आणि दादा बाहेर येईपर्यंत हलायचे नाहीत. दादा यायचे, हात उचलायचे, दोन ठेके घ्यायचे, मगच गणपती पुढं सरकायचा.

आपल्या गावच्या मिरवणुकीतही निम्मी माणसं असंच नाचतात. कोणाचा नाच आपण नाचतोय, एवढं पोरांना सांगून ठेवा.