पंडितजींचा गुलाब

१४ नोव्हेंबर उजाडला, म्हणजे शाळाशाळांतून एक ठरलेले दृश्य दिसते. शाळा मुंबईची असो, की गोंदियाजवळच्या मुर्रीसारख्या गावची असो, एखाद्या चुणचुणीत मुलाला पांढरी टोपी व शेरवानी चढवितात आणि शेरवानीच्या काजात तांबडे गुलाबाचे फूल खोवतात. एवढे झाले, की त्या मुलाने कोणाचे सोंग घेतले आहे हे निराळे सांगावे लागत नाही. पंडित जवाहरलाल नेहरू यांची ओळख त्या एका फुलाने लोकांच्या मनात कायमची ठसविली आहे. परंतु काजात फूल खोवणाऱ्या त्या हातांनी कुदळही धरली होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

गुलाबाला मान मिळाला तो काही आजचा नव्हे. त्याचे नावच मुळी मोठे मौजेचे आहे. फारसी भाषेत ‘गुल’ म्हणजे फूल, त्यातही विशेषेकरून गुलाबाचे फूल. आणि ‘आब’ म्हणजे पाणी. तेव्हा गुलाब हे वास्तविक सुगंधी पाण्याचे नाव. ते आपण फुलालाच देऊन टाकले आणि पाण्यासाठी ‘गुलाबपाणी’ असा दुहेरी शब्द बनविला! मोगल बादशहांच्या कित्येक चित्रांत त्यांच्या हाती गुलाब दिसतो. इंग्लंडात पंधराव्या शतकात गादीसाठी दोन राजघराणी लढली. त्यांपैकी यॉर्क घराण्याचे चिन्ह पांढरा गुलाब आणि लँकेस्टर घराण्याचे तांबडा गुलाब, असे मानले गेले. म्हणून त्या यादवीला गुलाबांची युद्धे हेच नाव पडले. असे हे शतकानुशतके राजेरजवाड्यांच्या हाती मिरवलेले फूल विसाव्या शतकात एका खादीधारी पुढाऱ्याच्या अंगावर येऊन बसले.

जवाहरलालांचा जन्म १४ नोव्हेंबर १८८९ रोजी अलाहाबाद येथे, म्हणजे आजच्या प्रयागराज येथे झाला. वडील मोतीलाल हे नामांकित वकील. त्यांच्या ‘आनंदभवन’ या वाड्यात कशाचीच वाण नव्हती. बाग होती, आणि तिची निगा राखण्यास माळीही होते. घरच्या मुलाने हातात खुरपे धरण्याचे काही कारणच नव्हते. पुढे १९०५ साली ते शिक्षणासाठी विलायतेस गेले. हॅरो येथील शाळा संपल्यावर केंब्रिज येथे त्यांनी रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र या विषयांचा अभ्यास केला. फुलाच्या पाकळ्या, केसर आणि बीजकोश त्यांनी शास्त्रज्ञाच्या दृष्टीने तेथे पाहिले. नंतर ते बॅरिस्टर झाले, १९१२ साली स्वदेशी परतले, आणि १९१६ साली वसंतपंचमीस त्यांचा कमलादेवींशी विवाह झाला.

महात्मा गांधींच्या चळवळीत पडल्यावर मात्र सुखवस्तू घरातील या तरुणाचा तुरुंग हाच दुसरा संसार झाला. १९२१ साली त्यांस पहिल्यांदा अटक झाली. एकूण नऊ वेळा मिळून त्यांनी सुमारे नऊ वर्षे बंदिवासात काढली. डेहराडूनच्या तुरुंगात असता फाटकाबाहेरच्या पिंपळाला फुटणारी पालवी ते दिवसेंदिवस न्याहाळीत. ज्याला मोकळ्या रानात जाता येत नाही, त्यालाच एका झाडाचे एवढे अप्रूप वाटते. याच काळात कमलादेवींचा आजार बळावला. सरकारने त्यांची मुदतीपूर्वी सुटका केली, तेव्हा ते विमानाने युरोपात पोहोचले. पण २८ फेब्रुवारी १९३६ रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे कमलादेवींनी देह ठेवला. शेरवानीवरील गुलाब त्यांच्याच स्मरणार्थ असे, अशी एक आख्यायिका आहे. अशा आख्यायिका आणखीही आहेत.

पण पंडितजींच्या बागकामाची खरी कहाणी घडली ती आपल्या महाराष्ट्रात. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव संमत झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच पुढाऱ्यांची धरपकड झाली. गांधीजींना पुण्यास आगाखान महालात ठेवण्यात आले. काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांना घेऊन गाडी पुढे अहमदनगरला गेली. आज या शहराचे नाव अहिल्यानगर आहे. तेथील भुईकोट किल्ल्यात बारा जण बंदिस्त झाले. मौलाना आझाद, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव, अशी ही थोर मंडळी. बाहेर देश पेटला होता, आणि आत आरंभी वर्तमानपत्रसुद्धा मिळत नव्हते. कोठे काय घडले, कोण मेले, कोण जगले, काही कळण्यास मार्ग नव्हता.

ज्या शहरात निजामशाहीने फराहबाग आणि हश्त बिहिश्त बाग यांसारख्या बागा वसविल्या, त्याच शहरात या बंदिवानांच्या वाट्यास आलेले अंगण अगदी उजाड होते. तेथे फुलबाग करावी, ही कल्पना जवाहरलालांची. पुण्याहून तीसचाळीस प्रकारचे बी मागविण्यात आले आणि जमीन खणण्यास आरंभ झाला. जमीन कसली, दगडधोंडे आणि जुन्या बांधकामांचा राबाच तो! कुदळ मारावी तो खाली पुरातन भिंत लागावी, कोठे घुमटाचा माथा लागावा. फार खोल खणण्यास अधिकाऱ्यांची अनुज्ञा नव्हती. एकदा भिंतीच्या अंगास दगडात कोरलेले एक सुरेख कमळ उघडे पडले, तेव्हा सर्वांसच कौतुक वाटले. पूर्वी डेहराडूनच्या तुरुंगात असेच खणताना जुन्या फाशीच्या चौकटीचे बुंधे सापडले होते, आणि ते उपटून टाकताना सोबतच्या कैद्यांना मोठा आनंद झाला होता. येथे कमळ निघाले. चांदबिबीने १५९५-९६ साली मोगलांच्या वेढ्यातून हाच किल्ला राखला होता. तिची आठवण पंडितजींना येथे वारंवार होई.

वाफे तयार झाले, बी पेरले गेले. रोज पाणी घालावे, तण काढावे, अंकुर वर आला की नाही ते वाकून पाहावे, असा क्रम सुरू झाला. ही बहुतेक हंगामी फुले. गुलाबाचे काम सावकाशीचे. त्याचा खुंट वाढवावा लागतो, त्यावर डोळा भरावा लागतो, आणि पुढे वर्षानुवर्षे छाटणी व खत सांभाळावे लागते. उद्या आपण कोठे असू हे ज्याला ठाऊक नाही, त्याने एका ऋतूत उमलणारी फुले लावावी हेच बरे. परंतु एक ऋतू गेला, दुसरा गेला, तिसराही आला, आणि किल्ल्याचे दार काही उघडेना.

ही बाग म्हणजे दुःख विसरण्याचे साधन होते, असे मात्र कोणी समजू नये. १९४३ साली मौलाना आझादांच्या पत्नी कलकत्त्यास निवर्तल्या. त्यांची अखेरची भेटही मौलानांस घडली नाही. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मरत असल्याच्या वार्ता आल्या, आणि पंडितजींचे मन संतापाने व वेदनेने भरून गेले. तो संताप त्यांनी पुढे लेखणीने व्यक्त केला. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ येथेच लिहिला. फावडे आणि लेखणी ही दोन्ही एकाच हाताने चालत होती; त्या ग्रंथातही आरंभीच्या पानांवर या खणण्याचे वर्णन आले आहे.

मार्च १९४५ मध्ये त्यांस अहमदनगरहून हलविण्यात आले व १५ जून रोजी अल्मोड्याच्या तुरुंगातून त्यांची सुटका झाली. पुढील सर्व इतिहास सुपरिचित आहे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी ते स्वतंत्र भारताचे पहिले पंतप्रधान झाले. दिल्लीतील तीनमूर्ती भवनात त्यांचे वास्तव्य होते, आणि तेथील बागेत गुलाबाचे ताटवे होते. आता वाफे खणण्यास उसंत कोठली? धरणे, कारखाने, प्रयोगशाळा, परदेशांशी बोलणी यांत दिवस सरे. तरीही शेरवानीच्या काजात ताजा गुलाब दिसे. मुले भोवती जमली, की तेच फूल ते एखाद्या मुलीच्या हाती सहज देऊन टाकीत. १९६२ च्या चिनी आक्रमणाने त्यांच्या मनावर मोठा आघात केला, १९६४ च्या जानेवारीत प्रकृतीने दगा दिला, आणि २७ मे १९६४ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

दहा वर्षांपूर्वीच, १९५४ च्या जून महिन्यात, त्यांनी आपले मृत्युपत्र लिहून ठेवले होते. आपल्या रक्षेचा थोडा भाग अलाहाबादेस गंगेत सोडावा आणि मोठा भाग विमानातून, जेथे शेतकरी राबतात त्या शेतांवर विखरावा, अशी त्यांची इच्छा होती. १९६४ च्या जून महिन्यात ती पूर्ण करण्यात आली. त्या वेळी शेतकरी पेरणीच्या तयारीस लागले होते.