गाळातली हाडं आणि कस्टमचा साहेब

सेकंड इयरला इंजिनिअरिंग जिऑलॉजी हा विषय आला, तेव्हा आमच्यापैकी बहुतेकांनी तो पासिंगपुरताच केला. मीही त्यातलाच. प्रॅक्टिकलला दगड ओळखायचे आणि सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या रूमवर सगळ्यांनी एकाच जर्नलवरून उतरवायचं. पण याच विषयाच्या निमित्ताने लायब्ररीत एक माणूस भेटला, तो अजून डोक्यातून जात नाही. त्याचं नाव बूशे द पेर्त. ना इंजिनिअर, ना प्रोफेसर. फ्रान्समधल्या अबव्हिल गावचा कस्टम अधिकारी!

जन्म १७८८ चा. वडीलही कस्टममध्येच, १८२५ मध्ये त्यांच्याच जागेवर हा अबव्हिलला आला. नोकरी सांभाळून नाटकं, प्रवासवर्णनं असं काय काय लिहायचा. थोडक्यात, आपल्या गॅदरिंग कमिटीत शोभला असता. कासिमिर पिकार नावाच्या डॉक्टर मित्रामुळे त्याला जुन्या दगडी हत्यारांचा नाद लागला. १८४१ मध्ये डॉक्टर वारले, नाद मात्र सुटला नाही.

अबव्हिल हे सोम नदीच्या काठचं गाव. तिथल्या वाळू-खडीच्या खाणींत मजुरांना हाडं सापडायची, चक्क हत्तींची आणि गेंड्यांची. फ्रान्समध्ये हत्ती-गेंडे! हे प्राणी केव्हाच नामशेष झाले होते. आणि १८४० नंतरच्या दशकात त्याच थरांत या गृहस्थाला चकमकीच्या दगडाच्या, मुद्दाम घडवलेल्या हातकुऱ्हाडी मिळू लागल्या.

आता यातली गंमत बघा. दगडाकडे पाहून तो कधी घडवला हे कळत नाही. पण शेजारचं हाड ते सांगतं. थर वरपासून खालपर्यंत न हललेला असेल, आणि त्यात हाड व हत्यार दोन्ही एकत्र असतील, तर दोन्ही त्याच काळातली. म्हणजे ते हत्ती जिवंत असताना तिथे माणूस वावरत होता. त्या काळी युरोपात मानवजातीचं वय साधारण सहा हजार वर्षं धरत. हे हाड त्या हिशोबाच्या मुळावरच आलं.

त्याने ग्रंथ लिहिला. पहिला खंड १८४७ मध्ये छापला, १८४९ मध्ये बाहेर आला. पॅरिसच्या विद्वानांनी लक्षच दिलं नाही. दोष थोडा त्याचाही होता. आकृत्या ओबडधोबड, साध्या गोट्यांतही त्याला माणसांचे-प्राण्यांचे आकार दिसायचे, आणि सगळ्याचं स्पष्टीकरण म्हणून जलप्रलय. निरीक्षण बरोबर, निष्कर्षात भेसळ.

त्याला न्याय मिळाला तो भारताशी संबंध असलेल्या एका माणसामुळे. ह्यू फाल्कनर सहारनपूरच्या सरकारी बागेचा प्रमुख होता. शिवालिकच्या डोंगरांत त्याने जीवाश्म हाडं गोळा केली, तीही गंगा कालवा बांधणाऱ्या इंजिनिअर कॉटलीच्या जोडीने. (सिव्हिलवाल्यांनो, कॉलर ताठ करा!) हत्तीची हाडं ओळखण्यात हा तयार माणूस. १८५८ मध्ये तो अबव्हिलला आला, संग्रह पाहून चकित झाला आणि त्याने प्रेस्टविचला तिकडे जायला सांगितलं. एप्रिल १८५९ मध्ये प्रेस्टविच आणि इव्हान्स आले. एक दारूचा व्यापारी, दुसरा कागद कारखानदार, दोघेही हौशीच. जवळच्या सेंट-अशूलला थरात रुतलेल्या हातकुऱ्हाडीचा त्यांनी जागेवरच फोटो काढून घेतला. मे महिन्यात लंडनच्या रॉयल सोसायटीत निबंध वाचला गेला. सत्तरीच्या म्हाताऱ्याचं म्हणणं अखेर मान्य झालं. पुढच्याच वर्षी लार्ते या संशोधकाने प्राचीन हाडांवरच्या हत्यारांच्या खुणाही दाखवून दिल्या.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण एक शल्य राहिलं होतं. हत्यारं मिळाली, माणसाचं हाड कुठे? त्याने मजुरांना बक्षीस लावलं. १८६३ मध्ये मूलाँ-किन्यों नावाच्या खाणीत माणसाचा जबडा ‘सापडला’. फ्रेंच-इंग्रज विद्वानांची बैठक बसली, जबडा खरा ठरवला गेला. फाल्कनर आणि इव्हान्स यांची शंका मात्र फिटली नाही, आणि त्यांचंच बरोबर निघालं. जबडा तिथे आणून पुरलेला होता. ज्याला हवं ते उत्तर मिळण्याची घाई असते, त्याला ते आणून देणारे भेटतातच.

१८६८ मध्ये तो वारला. त्या खाणीचं नाव बदनाम झालं ते झालंच, दीडशे वर्षं तिकडे कुणी फिरकायला तयार नव्हतं. मग नव्याने खोदकाम झालं आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : तिथे अस्सल हातकुऱ्हाडी आहेत, सुमारे साडेसहा लाख वर्षांपूर्वीच्या! म्हणजे खरा पुरावा त्याच खडीत पडून होता. खोट्या जबड्याने तो झाकून टाकला.

मित्रांनो, हे वाचलं त्या आठवड्यात माझं एक प्रॅक्टिकल होतं. रीडिंग्ज ग्राफवर बसेनात. एरवी मी दोन आकडे खोडून सरळ रेष मारली असती. त्या दिवशी तसेच लिहिले. सरांनी विचारलं, हे पॉइंट बाहेर का? म्हटलं, माहीत नाही सर, पण आले ते असेच आले. मार्क कापले गेले. पण जर्नल पहिल्यांदाच माझं स्वतःचं होतं.