फ्रिट्झ हाबर : खताच्या गार बादलीमागचा रसायनशास्त्रज्ञ

थंडीत ड्रीपमधून १३:०:४५ सोडायचे दिवस आले की फोन ठरलेला असतो. बादली बर्फासारखी गार पडली, तळाला खडे राहिले, खत बनावट तर नाही ना? नुसत्या गारव्यावरून भेसळ ठरत नाही. या गारव्यामागचा ऊर्जेचा हिशेब मांडणाऱ्यांपैकी एक होते फ्रिट्झ हाबर. आपल्या युरियाच्या गोणीमागेही तेच आहेत.

हाबर यांचा जन्म ९ डिसेंबर १८६८ रोजी ब्रेस्लाऊ येथे ज्यू कुटुंबात झाला. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. वडील रंगांचे व्यापारी. आई बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत गेली. कार्ल्सरूह येथे शिकवत असताना १९०९ मध्ये त्यांनी हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन यांपासून जास्त दाबाखाली अमोनिया तयार करून दाखवला. कार्ल बॉश यांनी ती पद्धत कारखान्यात उतरवली आणि १९१३ मध्ये ओप्पाऊ येथे उत्पादन सुरू झाले.

पुढे महायुद्ध आले. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्र येथे जर्मन सैन्याने सोडलेल्या क्लोरीन वायूची तयारी हाबर यांच्या देखरेखीखाली झाली होती. त्यांच्या पत्नी क्लारा स्वतः रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या. त्यानंतर काही दिवसांतच त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. कारण एकच होते असे म्हणता येत नाही, पण हा भाग गाळून हाबर सांगणे मला बरोबर वाटत नाही.

१९१८ चे नोबेल त्यांना अमोनियासाठी मिळाले. १९१९ मध्ये माक्स बोर्न यांच्या कामाला जोडून त्यांनी क्षारांच्या ऊर्जेचे चक्र मांडले. बोर्न यांना विषारी वायूचे काम मुळीच मान्य नव्हते, तरी दोघांची नावे या चक्रात कायमची जोडली गेली. क्षाराच्या खड्यात धन आणि ऋण आयन एकमेकांना किती घट्ट धरून असतात, हे थेट मोजता येत नाही. धातूची वाफ करणे, इलेक्ट्रॉन काढणे, तो दुसऱ्या अणूला देणे अशा टप्प्यांची ऊर्जा मोजून ते या चक्रातून काढता येते.

आता म्युरेट ऑफ पोटॅश घ्या. त्याच्या ७४.५ ग्रॅममधले आयन सुटे करायला सुमारे ७१५ किलोज्यूल लागतात. पाण्याचे रेणू आयनांना बिलगतात तेव्हा सुमारे ६९८ परत मिळतात. उरलेली १७ ची तूट पाण्याच्या उष्णतेतून भरून निघते, म्हणून पाणी गार होते. १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेटमध्ये ही तूट १०१ ग्रॅमला सुमारे ३५ किलोज्यूल आहे. दहा लिटर पाण्यात एक किलो टाकले तर तापमान ७ ते ८ अंशांनी उतरते. पाणी गार झाले की विद्राव्यताही घटते: २० अंशांना लिटरमध्ये सुमारे ३१६ ग्रॅम विरघळते, १० अंशांना सुमारे २०९. तेव्हा पाणी जास्त घ्या, खत थोडे थोडे टाका, ढवळा आणि तळ स्वच्छ झाल्यावरच टाकीत ओता. (युरियाही पाणी गार करतो, पण तो आयनांचा क्षार नव्हे.)

युद्धानंतर समुद्राच्या पाण्यातून सोने काढून जर्मनीचा दंड फेडायचा घाट हाबर यांनी घातला. सोने नगण्य निघाले. १९३३ मध्ये नाझी सरकारने ज्यू सहकाऱ्यांना काढायला सांगितले, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला आणि देश सोडला. २९ जानेवारी १९३४ रोजी बाझल येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे क्लारा यांच्या अस्थीही पुढे तेथेच, त्यांच्याशेजारी ठेवण्यात आल्या.